बप्पा (नाबाद)

बप्पा माणसाची ओळख कंसात करून देतात. कुणी म्हणालं, "हे आपले नवे तहसीलदार," की बप्पा त्यांना हात जोडतात आणि आपल्याकडे वळून हळूच सांगतात, "आधीचे एक वर्ष दोन महिने, बाद. त्याच्या आधीचे तीन वर्षं, नाबाद, बढतीवर गेले." गल्लीतल्या इंजिनिअर झालेल्या पोराविषयी विचारलं तर "सहा वर्षं, अकरा विषय" एवढंच बोलतात. स्थळाची चौकशी करायला आलेली मंडळी तेवढ्यावर चहा अर्धा ठेवून उठलेली आहेत. स्वतःच्या लग्नाची हकिगतही त्यांनी मला याच पद्धतीनं सांगितली.

"मुलगी बघायला गेलो. चार मिनिटं दहा सेकंद. मान वर एकदा."

"आणि काकूंनी?"

"तिनं दोनदा. ती पहिल्यापासून अष्टपैलू."

ही भाषा बप्पांनी वर्तमानपत्रातून उचलली. खो-खोची बातमी आपल्याकडे आतल्या पानावर, बहुतेक वेळा सोयाबीनच्या भावाखाली येते आणि तिची ठेवण ठरलेली असते. खेळाडूचं नाव, पुढे कंस, कंसात संरक्षणाची मिनिटं-सेकंद, मग टिपलेले गडी. साधा वाचक कंस ओलांडून पुढे जातो. बप्पा कंस तेवढे वाचतात. बाकीचा मजकूर त्यांच्या मते पाहुण्यांसाठी असतो. उद्घाटन कुणी केलं, नारळ कुणी फोडला, आभार कुणी मानले. "ह्यात पळालं कोण?" असं विचारून ते घडी घालतात.

प्रत्येक मैदानाच्या कडेला असा एक माणूस असतो. कोल्हापुरात तो तालमीच्या कट्ट्यावर बसून कुणाच्या आजोबाला कुणाच्या आजोबानं कुठल्या डावावर चीत केलं ते सांगतो. शिवाजी पार्कात तो डोक्याला रुमाल बांधून साइटस्क्रीनच्या बाजूला उभा असतो आणि आजचा कुठलाही फलंदाज त्याला कुणाचा तरी उरलासुरला भाग वाटतो. तो प्रशिक्षक नसतो, पंच नसतो, संघटनेच्या लेटरहेडवर त्याचं नाव नसतं. त्याला मानधन नाही, टोपी नाही, जेवणाचं कूपनही आयत्या वेळी शोधून द्यावं लागतं. पण तो आला नाही तर सामना बेकायदेशीर झाल्यासारखा वाटतो. धाराशिवात मैदान खो-खोचं, म्हणून आमचा हा माणूस खो-खोचा.

बप्पा एका कचेरीत कारकून होते आणि तिथून वेळेवर निवृत्त झाले. ("३४ वर्षं, एक मेमो.") पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, निळं पळतीचं, लाल पाठलागाचं. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं चावीचं स्टॉपवॉच. हे घड्याळ त्यांच्या फौजी मेहुण्यानं दिलेलं आहे आणि थंडीत ते किंचित मागं पडतं. कुणी दुसरा असता तर नवं घेतलं असतं. बप्पा डिसेंबर-जानेवारीतल्या प्रत्येक नोंदीत मिनिटाला अर्धा सेकंद भर घालतात आणि बाजूला बारीक अक्षरात "थं." लिहितात. उन्हाळ्यात ते बरोबर चालतं असा त्यांचा दावा आहे. मराठवाड्यातलं घड्याळ आहे, उन्हाला सरावलंय. नोंदी किराणा दुकानात मिळणाऱ्या लाल कापडी बांधणीच्या खतावणीत. जमेच्या बाजूला संरक्षण, नावेच्या बाजूला बाद कसा झाला ते: खांबावर, सुरात, पाठीमागून, आणि एक खास रकाना, "स्वतःच्या मूर्खपणानं". वर्षानुवर्षांच्या वह्या चाळल्यावर माझ्या लक्षात आलं की याच रकान्यात सगळ्यात जास्त गर्दी आहे.

ते स्वतः खेळले होते का, याविषयी गावात दोन मतं आहेत. बप्पांचं तिसरं आहे. "मी पळालो," ते म्हणतात, "पण वेळ लावायला कुणी नव्हतं. मग ते धरायचं कसं?"

खो-खोवर बप्पांचं प्रेम का, तर त्यांच्या मते या खेळाचा कायदा न्यायाला धरून आहे. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. आठ जण पाटीवर आलटून पालटून तोंडं करून बसलेले, नववा मागं लागलेला. पळणारे तीन-तीनच्या तुकडीनं आत येतात आणि नऊ मिनिटं निभावायची असतात. आता पाठलाग करणाऱ्याला बघा: एकदा दिशा धरली की माघारी फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही, पलीकडं जायचं तर खांबाला वळसा घालूनच. आणि पळणारा? पाहिजे तिकडं पळ, बसलेल्यांच्या मधून निघ, उलटा वळ, कुणी विचारणार नाही. "मागं लागणाऱ्याला सगळे नियम आणि जीव वाचवणाऱ्याला मोकळीक. तू एवढं पेपरात लिहितोस, अशी दुसरी जागा दाखव मला ह्या देशात." मी दाखवू शकलेलो नाही.

या जिल्ह्यात हा खेळ एवढा का रुजला, यावरही त्यांचं उत्तर तयार असतं. बाकीचे लोक प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचं नाव घेतात, आणि ते घ्यायलाच पाहिजे, कारण एवढ्याशा गावातून एकामागून एक मुली महाराष्ट्राच्या आणि भारताच्या संघात जातात त्यामागं माणसाची कित्येक वर्षांची पहाट आहे. बप्पाही ते मान्य करतात, पण भर घालतात: "दोन खांब आणि फक्की. ह्याच्यापरीस स्वस्त खेळ सांग. बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, पाऊस लागत नाही. आपल्याकडं जे नाही ते ह्या खेळाला लागतच नाही." दुसरं कारण ते उन्हाळ्याचं देतात. टँकर आल्यावर भरली घागर घेऊन गर्दीतून न सांडता निघणं, ही हुलकावणीची पहिली शाळा. काकूंना हे पटत नाही. "ह्यांनी कधी घागर उचलली का विचारा," असं त्या आतून म्हणतात. ह्या शेऱ्याची नोंद खतावणीत नाही.

माझा आणि बप्पांचा संबंध कचेरीच्या टेबलाचा. स्पर्धा असली की रात्री उशिरा ते हातानं लिहिलेली बातमी घेऊन दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात येतात. आखीव कागद, मार्जिन, आणि प्रत्येक आकड्याखाली रेघ. मी एकदा जागेअभावी "२ मि. ४० से." चं "सुमारे अडीच मिनिटे" केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, खुर्चीत बसले आणि खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"श्वास धर."

"काय?"

"श्वास धर म्हणलं. दहा सेकंद."

मी धरला. चावीचं घड्याळ टिकटिकत राहिलं. बप्पा माझ्याकडं बघत होते, शिपाई आम्हा दोघांकडं बघत होता.

"सोड. लांब वाटलं का नाही? तेवढ्यात त्या पोरीनं दोन खांब फिरवले होते. आणि तू ते 'सुमारे'त घातलास."

तेव्हापासून आमच्या आवृत्तीत सेकंद कापले जात नाहीत. पालकमंत्र्यांचं भाषण कापतो.

२०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा लोकांनी पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, वाद घातले. बप्पांपुढं निराळाच पेच होता. चाळीसएक वह्यांच्या पुठ्ठ्यांवर जुनं नाव. एका उत्साही तरुणानं नवीन चिठ्ठ्या डकवून देतो म्हटलं. बप्पा म्हणाले, "पोरगी त्या दिवशी ज्या नावाच्या संघातून पळाली, त्याच नावानं राहील. रेकॉर्डला मागची तारीख चालत नसती." नव्या वह्या मात्र नव्या नावाच्या. मी बरेच राजकीय खुलासे ऐकले, एवढा सोपा दुसरा ऐकला नाही.

क्रिकेटविषयी ते बोलत नाहीत. खो-खोची लीग निघाली तेव्हा मात्र बोलले, बरंच बोलले. २०२२ साली पुण्यात अल्टिमेट खो-खो सुरू झालं: मातीच्या जागी मॅट, वर दिवे, नऊऐवजी सात खेळाडू, आणि 'वजीर' नावाचा एक जण, ज्याला पाठलाग करताना कुठल्याही दिशेला वळायची मुभा. बप्पांनी पहिला सामना टीव्हीवर बघितला आणि वजीर उलटा फिरलेला बघून उभे राहिले. "ह्याला कुणी परवानगी दिली?" नियमच तसा आहे, असं कळल्यावर खाली बसले. "मग बाकीच्यांनी काय गुन्हा केलाय?" दोन दिवस त्यांनी घड्याळाला चावी दिली नाही. तिसऱ्या दिवशी मॅटवर मारलेला एक आकाशीय सूर बघून विरघळले आणि नवीन खतावणी आणली. पुठ्ठ्यावर लिहिलं: "मॅट. वेगळे धरणे."

आता अमेरिकेचं प्रकरण सांगितलं पाहिजे.

बप्पांच्या मुलीचा मुलगा टेक्सासात शिकतो. डिसेंबरच्या सुट्टीत तो आला आणि आजोबांना सोबत म्हणून ओसरीवर बसून फोनवर तिकडचा तो फुटबॉल बघू लागला. खांद्यावर पाट घातल्यासारखे गडी, डोक्याला लोखंडी जाळी, शिट्टी वाजली की एकमेकांवर कोसळायचं आणि मग उठून बराच वेळ चर्चा करायची. बप्पांनी सवयीनं घड्याळ चालू केलं. चेंडू हलला की सुरू, थांबला की बंद. सामना तीन तासांच्या वर गेला. घड्याळात दहा-अकरा मिनिटं जमली. नातू म्हणाला, "बरोबर आहे आजोबा, तिकडच्या पेपरवाल्यांनीसुद्धा मोजलंय, तेवढंच निघालं."

"म्हणजे आपली एक पळती," बप्पा म्हणाले. "नऊ मिनिटाच्या कामाला तीन तास. आपल्याकडं तेवढ्यात लग्न लागून दुसरी पंगत उठती."

नातवाला राग आला. त्यानं त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा विक्रमवीर काढला. जेरी राइस. हा 'रिसीव्हर', म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा आणि झेलून आणखी पळायचं. १९८५ ते २००४, वीस हंगाम. झेल १,५४९. झेलांवर कापलेलं अंतर २२,८९५ यार्ड. बप्पांनी निळं पेन काढलं आणि यार्डाचे मीटर केले, मीटरचे किलोमीटर केले.

"एकवीस किलोमीटरला थोडं कमी भरतंय."

"हो."

"वीस वर्षांत."

"हो आजोबा."

"अरे, इथून निघाला असता तर अजून तुळजापूरला पोचला नसता! कळस दिसला असता लांबून. पुनवेला म्हाताऱ्या बाया एका रात्रीत जातेत चालत, अनवाणी."

नातू म्हणाला की म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अकरा जण उड्या मारत नाहीत. यावर बप्पा थोडं थांबले, कारण मुद्दा रास्त होता. पौर्णिमेची तुळजापूरची गर्दी आठवून त्यांना तो तितकासा रास्त वाटेना, हे त्यांनी मला नंतर खासगीत सांगितलं. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला, "दुसरा नंबर?" लॅरी फिट्झगेराल्ड, १७,४९२. बप्पांनी वजाबाकी केली. पाच किलोमीटरचा फरक. "पहिला कळसापाशी, आणि दुसरा अजून पाच किलोमीटर मागं, रसवंतीवर बसलाय," असं म्हणून त्यांनी पहिल्यांदाच त्या माणसाकडं आदरानं बघितलं.

पण त्यांना खरा जिंकला तो आकड्यांनी नाही. नातू सांगत गेला, हा मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या बारक्या गावचा. बाप गवंडी. पोरांना सुट्टीत कामावर न्यायचा. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर उभा राहून झेलायचा, दिवसभर, उन्हात. हात तिथं तयार झाले.

"वीट?" बप्पांनी पेन खाली ठेवलं. "वीट झेलायची म्हणजे हात मागं घ्यावा लागतो, नाहीतर कातडं जातं." आणि स्वतःच्या तळव्याकडं बघत म्हणाले, "हे आधी सांगायचं होतंस. यार्ड कशाला सांगत बसलास?"

मग शाळेची गोष्ट आली. जेरी वर्ग चुकवून हिंडत होता. उपमुख्याध्यापकांनी मागून गाठलं. त्यांचा आवाज ऐकून पोरगा असा उधळला की सर बघतच राहिले. शिक्षा दिलीच, पण फुटबॉलच्या प्रशिक्षकालाही सांगितलं की एक पोरगं आहे, पळतंय बघा. तिथून त्याचा खेळ सुरू झाला.

बप्पा टाळी वाजवून उठले. काकू बाहेर आल्या.

"अगं, मास्तरनं मागून येऊन खो दिला त्याला! बरोबर मागून! समोरून आला असता तर फाऊल होता."

त्या संध्याकाळी जेरी राइसचं धाराशिवच्या खो-खोत रीतसर नामांकन झालं. त्यानंतर नातू सांगेल ती प्रत्येक गोष्ट बप्पा आपल्या चौकटीत बसवत गेले. लहान कॉलेजातून आला, मोठ्या संघांनी आधी पंधरा जण निवडले आणि हा सोळावा? "आपल्या पोरींना मुंबई-पुण्याच्या निवडीत असंच व्हायचं." सरळ शर्यतीत तो फार वेगवान गणला जात नव्हता? "सरळ पळून काय करायचंय, वळता आलं पाहिजे." सुट्टीच्या महिन्यांतही तो रोज डोंगर पळत चढायचा आणि बरोबर आलेले तरुण खेळाडू अर्ध्यात बसायचे? "हातलाईचा डोंगर बघितला नसंल त्यानं," बप्पा म्हणाले, पण आवाजात कुरापत नव्हती. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत खेळला, हे ऐकल्यावर त्यांनी खतावणीत लाल रेघ ओढून एक कोरं पान काढलं आणि वर "परदेशी" असं लिहिलं.

त्याच पानावर, डाव्या बाजूला राइस आणि उजव्या बाजूला त्यांनी आमच्या धाराशिवची खो-खोपटू सारिका काळे मांडली. मला ती मांडणी बघून हसू आलं होतं. वाचत गेल्यावर कमी झालं.

सारिकाविषयी बप्पा कंसात बोलत नाहीत. सलग बोलतात. वडिलांना शारीरिक अडचण, फारशी कमाई नाही. आई शिवणकाम करायची, घरकाम करायची. घर चालायचं आजी-आजोबांच्या कष्टावर. तेराव्या वर्षी, स्वतः खेळणाऱ्या मामा-काकांपैकी एकानं तिला मैदानावर आणलं. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच जेवण. पोटभर, चांगलं काही मिळायचं ते शिबिरात आणि स्पर्धेला गेल्यावर. हे सारिकानं स्वतः पुढं मुलाखतीत सांगितलं. बप्पांना ते त्या वेळी माहीत नव्हतं, आणि त्यांना अजून त्याचंच लागतं. "मी तिचे सेकंद लिहीत होतो," ते म्हणाले. "डब्यात काय आणलंय ते कुणी लिहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं पोरगी शिबिराला जायला एवढी उत्सुक, म्हणजे खेळाचं वेड. वेड होतंच. पण तिथं भाजी-पोळी होती."

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक घेतलं. कर्णधार सारिका. आणि त्याच वर्षी पैशाच्या ओढगस्तीनं तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं, खोलीचं दार लावून घेतलं होतं. आजीनं जाधव सरांना सांगितलं, सरांनी समजूत काढली, ती परत मैदानावर आली. ही गोष्ट गावात आता बरेच जण आपण दाराबाहेर उभे असल्यासारखी सांगतात. यशाला नंतर साक्षीदार फार मिळतात. आमच्या गावात सारिकाला पहिल्यांदा "ही पुढं जाणार" म्हणालेले किमान दोन वॉर्ड भरतील. बप्पा त्यांत नाहीत. कुणी त्यांना मान द्यायला गेलं तर ते झटकतात. "मी काही शिकवलं नाही. मी वेळ लावला. ती पळाली, म्हणून वेळ झाला."

२०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला त्याच्या आधीचा अर्जुन १९९८ चा, कर्नाटकच्या शोभा नारायण यांचा. मधे बावीस वर्षं. बप्पांनी ती बावीस वर्षं वहीत संरक्षणाच्या रकान्यात लिहिली आहेत आणि पुढे शेरा: "पुरस्कार बावीस वर्षे कुणाच्या हाती लागला नाही. अखेर टिपला, सारिका." कोरोनामुळे तो सोहळा ऑनलाइन झाला. बप्पा फोनसमोर घड्याळ घेऊन बसले होते आणि घरचं नेट अडकत होतं. चित्र थांबलं की घड्याळ थांबवायचं की चालू ठेवायचं, यावर त्यांचा काकूंशी वाद झाला, आणि वाद संपेपर्यंत सारिकाचं नाव होऊन गेलं. हे त्यांनी अजून काकूंना माफ केलेलं नाही. काकूंचं म्हणणं, त्यांना चित्र दिसलं, डोळे भरून आले, आणि घड्याळ नसल्यामुळं काही बिघडलं नाही.

सारिका तालुका क्रीडा अधिकारी झाली, तीही तुळजापूरला. बप्पांनी "परदेशी" पानाच्या तळाशी, दोघांच्या नावांखाली, नीट अक्षरात लिहिलं आहे: "राइस, तुळजापूर अलीकडे. काळे, तुळजापूर पोच."

पण या पानावर एक जागा रिकामी आहे. डावीकडे राइसच्या नावाखाली एकूण २२,८९५. उजवीकडे एकूण किती मिनिटं? खो-खोत आयुष्याची बेरीज करायची पद्धत नाही. सामना झाला, कंस छापून आला, संपलं. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर कांदाभजी. नातू म्हणाला, "आजोबा, तुमच्या सगळ्या वह्या मला द्या, मी कॉम्प्युटरवर बेरीज करतो, एका दिवसाचं काम." बप्पांनी वह्या काढल्या, झटकल्या, ओळीनं मांडल्या आणि काम पहिल्या तासात अडलं. एका सामन्यात पंचाचं घड्याळ आणि बप्पांचं घड्याळ यांत एका सेकंदाचा फरक होता. अधिकृत वेळ पंचाची. खरी वेळ बप्पांची. शिवाय तो सामना डिसेंबरातला. "थं." धरायचं का?

"एक सेकंद, आजोबा!"

"हो ना. मग कुणाचा धरू, सांग."

नातू परत गेला. बेरीज झालेली नाही. दर रविवारी बप्पा ती वही उघडतात, दोन्ही आकडे वाचतात आणि मिटतात. मी एकदा सुचवलं, दोन्हींची सरासरी घ्या. ते माझ्याकडं असे बघत राहिले की मी आपण होऊन श्वास धरला.

दरम्यान जानेवारी २०२५ आला, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. गावात फटाके वाजले. आमच्या कचेरीत पहिल्या पानाची तयारी सुरू असताना बप्पा आले. पेढे नव्हते त्यांच्याकडं, तक्रार होती. अठ्ठ्याहत्तर-चाळीस हा खो-खोचा आकडा आहे की कबड्डीचा? गुण छापा, पण अश्विनीच्या नावापुढचा कंस कुठाय? मी म्हणालो, जागा नाही, फोटो मोठा आहे. "फोटो बारका कर," ते म्हणाले. "फोटोत ती उभी आहे. कंसात पळती." फोटो थोडा बारका केला. मालकांनी विचारलं तर मी तांत्रिक कारण सांगणार होतो, त्यांनी विचारलं नाही.

सध्या बप्पांचा पत्रव्यवहार चालू आहे. नातवानं फोनवर एक माहिती दिली, आणि ती त्याला द्यायला नको होती असं आता त्याच्या आईला वाटतं. राइसच्या लीगमध्ये २०२४ पर्यंत अंतराचा वाद झाला की दोन माणसं मैदानात दहा यार्डांची साखळी घेऊन यायची, ती जमिनीवर ताणून धरायची, आणि सगळं मैदान श्वास रोखून बघायचं. एवढे धिप्पाड गडी गप उभे राहायचे आणि साधी पँट-शर्टातली माणसं मोजायची.

बप्पा हे ऐकून रात्रभर झोपले नाहीत. सकाळी आखीव कागदावर पत्र लिहून माझ्याकडं घेऊन आले, इंग्रजी करून द्या म्हणून. मला वाटलं, जेरी राइसला लिहिलं असेल. त्याचं नाव तिसऱ्या परिच्छेदात होतं, तेही संदर्भापुरतं. पत्र होतं साखळी धरणाऱ्यांना. मायना "सप्रेम नमस्कार". आपलं काम आम्हास समजलं, आनंद वाटला. आमच्याकडंही थोडंफार असंच चालतं. मग प्रश्न, अनुक्रमांक घालून: आपली साखळी लोखंडी की सुताची? थंडीत ती आकसते का? आकसत असल्यास राइस यांच्या २२,८९५ मध्ये त्याचा विचार केला आहे काय? साखळीचं दुसरं टोक कोण धरतो आणि त्याच्याशी आपलं पटतं का? बोटभर फरक पडल्यास अधिकृत धरता की खरं धरता? शेवटचा प्रश्न त्यांनी लाल पेनानं लिहिला होता.

मी विचारलं, पत्ता कुठला घालायचा? बप्पा म्हणाले, "राइस यांचा संघ सॅन फ्रान्सिस्कोचा. तिथल्या मैदानावर पाठव, कडेला बसलेले असतील." उत्तराचं तिकीट आपण पाठवलं पाहिजे, समोरच्या माणसाला भुर्दंड नको, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून जोडकार्ड अमेरिकेला चालतं का हे विचारायला ते मुख्य पोस्टात गेले. खिडकीवरच्या मुलीनं जोडकार्ड म्हणजे काय असं विचारलं. बप्पांनी तिला समजावून सांगितलं. (सात मिनिटं वीस सेकंद, ती नाबाद.)